सिएराच्या वेव्हसाठी मिंडेनला जायचंय? आधी उतरण्याचं गणित मांडा

प्रश्न थोडक्यात असा आहे: थर्मलमध्ये, म्हणजे उन्हाने तापून वर चढणाऱ्या हवेत, काही वर्षांचा सराव आहे, ग्लायडिंगच्या सिल्व्हर, गोल्ड, डायमंड या श्रेणींतला सिल्व्हर बॅज झालाय. आता दोन आठवड्यांची रजा काढून अमेरिकेत नेवाडातल्या मिंडेनला जायचं, तिथे ग्लायडर (बिनइंजिनाचं विमान) भाड्याने घ्यायचं आणि सिएरा नेवाडा डोंगररांग ओलांडून आलेल्या वाऱ्याच्या लाटेत, म्हणजे वेव्हमध्ये, डायमंडची उंची, म्हणजे ५,००० मीटरची वाढ, मिळवायची. कोणत्या महिन्यात जावं, काय न्यावं, तयारी किती लागेल?

जा, जरूर जा. वाळवंटाच्या कडेला उभी असलेली ती डोंगररांग ग्लायडर पायलटने एकदा तरी वरून पाहावी. पण पहिल्याच सहलीला डायमंड हे उद्दिष्ट ठेवू नका, गोल्डची ३,००० मीटर वाढ ठेवा. असं का म्हणतो, ते आकड्यांतच दिसेल.

मिंडेनचा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे ४,७०० फुटांवर आहे. समजा तुम्ही ७,००० फुटांवर टो (ओढून वर नेणाऱ्या विमानाची दोरी) सोडला आणि तिथून खाली न जाता चढायला लागलात. गोल्डसाठी त्यात साधारण ९,८५० फुटांची भर घाला, म्हणजे १६,८५० फूट. डायमंडसाठी १६,४०० फुटांची भर घाला, म्हणजे २३,४०० फूट. अमेरिकेत १८,००० फुटांपासून वर क्लास ए हवाई क्षेत्र सुरू होतं आणि तिथे आपल्या मर्जीने शिरता येत नाही. गोल्ड या रेषेच्या खाली बसतं, डायमंड बसत नाही. रेषेच्या वर जायचं तर ‘वेव्ह विंडो’ उघडून घ्यावी लागते. वेव्ह विंडो म्हणजे हवाई वाहतूक कंट्रोलशी आधीच झालेल्या लेखी करारानुसार आखलेला भाग. विनंती केल्यावर त्या भागातली ठरावीक उंची ग्लायडरसाठी मोकळी करून दिली जाते. वर असताना रेडिओवर सतत कान ठेवायचा, अल्टिमीटर (उंचीमापक) २९.९२ या प्रमाण दाबावर लावायचा, दिलेल्या चौकटीबाहेर सरकायचं नाही, आणि खाली बोलावलं की लगेच यायचं. हे सगळं नवख्या जागेत, ऑक्सिजन मास्क लावून, उणे तीस अंश थंडीत करायचं असतं. तिथल्या शिक्षकाबरोबर दोन आसनी ग्लायडरमध्ये हे आधी करून पाहिलं असेल तर दुसऱ्या आठवड्यात एकट्याने डायमंडचा विचार करायला हरकत नाही. एरवी तो पुढच्या वेळेसाठी राखून ठेवा.

ट्रान्सपॉन्डर (आपली ओळख आणि उंची रडारला आपोआप कळवणारं उपकरण) नसलेलं ग्लायडर मात्र स्वस्त मिळालं तरी घेऊ नका. जवळच्या रेनो शहरात उतरणारी जेट विमानं ज्या उंचीवरून खाली येतात, त्याच उंचीवर आपण चढत असतो. ऑगस्ट २००६ मध्ये मिंडेनच्या जवळच, सुमारे १६,००० फुटांवर, एक हॉकर बिझनेस जेट आणि एक एएसजी २९ ग्लायडर एकमेकांवर आदळले. ग्लायडरचा पायलट पॅराशूटने वाचला आणि जेट कसंबसं कार्सन सिटीला उतरलं. ग्लायडरमध्ये ट्रान्सपॉन्डर बसवलेला होता, पण बॅटरी वाचवण्यासाठी तो बंद ठेवला होता. म्हणून भाड्याचं ग्लायडर ठरवताना ट्रान्सपॉन्डर आहे का एवढं विचारून थांबू नका. सर्व उपकरणं चालू ठेवून बॅटरी किती तास पुरते तेही विचारा, आणि थंडीत ती त्याहून कमी पुरेल हे धरून चाला.

आता महिन्याबद्दल. जुने मोठे विक्रम पाहिले तर हंगाम आपोआप कळतो. लॅरी एडगर आणि हॅरॉल्ड क्लीफोर्थ १९ मार्च १९५२ ला दक्षिणेकडच्या बिशप गावाहून ४४,००० फुटांच्या वर गेले. पॉल बिकल २५ फेब्रुवारी १९६१ ला ४६,२६७ फुटांवर पोचले. रॉबर्ट हॅरिस १७ फेब्रुवारी १९८६ ला ४९,००९ फुटांवर. तिन्ही उड्डाणं सिएराच्या याच पूर्व बाजूची आणि हिवाळ्याच्या उत्तरार्धातली आहेत. त्या काळात जेट स्ट्रीम (खूप उंचावरचा वेगवान वाऱ्याचा पट्टा) दक्षिणेकडे सरकलेली असते आणि पॅसिफिकवरून एकामागून एक कमी दाबाचे पट्टे येत राहतात. वेव्ह तशी ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत मिळते. पण फेब्रुवारीत दिवस लहान, बर्फाची वादळं मोठी आणि वारे दांडगे असतात. तुमच्यासारख्या पायलटला मी मार्चचा शेवटचा आठवडा ते एप्रिलचा मध्य सुचवेन. वेव्ह थोडी कमी ताकदीची मिळेल, पण उजेड भरपूर असेल, थंडी सोसण्याजोगी असेल आणि वेव्ह नसलेल्या दिवशी थर्मलमध्ये परिसर पाहून घेता येईल. एप्रिलच्या उत्तरार्धात मात्र दुपारी वाळवंटाची जमीन तापते, खालचा स्थिर थर मोडतो आणि सकाळी सुरेख दिसणारी वेव्ह दुपारी विस्कटून जाते.

दोन आठवड्यांत वेव्हचे चांगले दिवस तीन-चार मिळाले तरी सहल यशस्वी समजा. दहा दिवसांत हे बसवण्याचा प्रयत्न करू नका. पहिले दोन दिवस चेक-फ्लाइट आणि कागदपत्रांत जातात. एखादं वादळ येऊन गेलं की आणखी दोन-तीन दिवस जातात. दिवस कमी पडायला लागले की माणूस नको त्या हवेत टो मागतो. म्हणून मोकळे दिवस आधीच हिशेबात धरलेले बरे.

वेव्हचा दिवस ओळखायचा कसा? सिएराचा माथा साधारण वायव्य-उत्तर ते आग्नेय-दक्षिण असा धावतो. त्याला काटकोनात लागणारा वारा म्हणजे २४० ते २५० अंशांचा. त्याच्या दोन्ही बाजूंना तीसेक अंश चालतात. माथ्याच्या उंचीवर वारा किमान २० ते २५ नॉट हवा, उंचीबरोबर वाढत जाणारा हवा आणि दिशा फारशी न बदलणारा हवा. माथ्याच्या आसपास किंवा किंचित वर स्थिर थर हवा. रेनोच्या हवामान कार्यालयातून रोज दोनदा फुगा सोडतात. त्यातला पहाटेचा, उंचीनुसार वारा आणि तापमान दाखवणारा आलेख रोज उघडायची सवय तिथे जाण्याच्या महिनाभर आधीच लावून घ्या. हवेचा दाब ७०० हेक्टोपास्कल असतो त्या पातळीवरचा वारा म्हणजे साधारण १०,००० फुटांवरचा, मिंडेनजवळच्या माथ्याचा. ५०० चा म्हणजे १८,००० फुटांच्या आसपासचा. या दोन पातळ्यांवरचे वारे एकाच दिशेने आणि वरचा जास्त जोराचा असेल, तर पुढचं पाहण्यात अर्थ आहे. स्कायसाइटसारखी सेवा वेव्हचे पट्टे नकाशावर रंगवून दाखवते आणि मी ती वापरतोच. पण आलेख न वाचता नुसता रंग पाहून निघणाऱ्याला ते पट्टे तासाभराने का सरकले हे कळत नाही.

घटनाक्रम बहुधा ठरलेला असतो. समुद्रावरून शीत आघाडी (पुढे सरकणाऱ्या थंड हवेची कड) जवळ येऊ लागली की वारा नैऋत्येकडून जोर धरतो. तोच आपला काळ, कधी एक दिवस तर कधी दोन-तीन. आघाडी ओलांडून गेली की वारा वायव्य किंवा उत्तरेकडे वळतो, डोंगररांगेला समांतर होतो आणि वेव्ह विरते. अडचण अशी की सर्वांत जोरदार वेव्ह आणि सर्वांत जास्त ओलावा दोन्ही आघाडीच्या तोंडाशीच असतात. सिएराच्या माथ्यावर ढगांची भिंत असते आणि तिच्या पूर्वेला, हवा खाली उतरते तिथे, निळी मोकळी फट असते. आपण त्या फटीतून चढतो. ओलावा वाढला की फट खालून मिटत जाते. वर असताना हे सहज लक्षात येत नाही, कारण वर सगळं लख्ख असतं आणि व्हेरिओ (चढण्या-उतरण्याचा वेग दाखवणारा मापक) छान वर दाखवत असतो. दर दहा मिनिटांनी मान वाकवून जमीन किती दिसते ते पाहायचं. मागच्या वेळेपेक्षा कमी दिसली तर तेव्हाच उतरायला सुरुवात करायची. ढगाच्या सलग गादीवर अडकलेल्या ग्लायडरकडे चांगला पर्याय उरत नाही.

पहिला टो कसा असतो ते सांगतो, कारण थर्मलचा पायलट नेमका तिथेच हबकतो. मिंडेनची सकाळ शांत वाटू शकते. टो-प्लेनमागे पंधराशे-दोन हजार फूट चढेपर्यंत विशेष काही होत नाही. मग रोटर, म्हणजे वेव्हखालची घुसळणारी हवा, सुरू होतो. समोरचं टो-प्लेन क्षणात आपल्या कॅनोपीच्या (पारदर्शक छताच्या) वरच्या कडेला जातं, दुसऱ्या क्षणी नाकाखाली गडप होतं. दोरी सैल पडते, तिचा पोटासारखा झोळ पंखाजवळून जातो आणि मग हिसक्याने ताणते. सीटचे पट्टे आधीच गच्च आवळलेले हवेत, कारण आवळायला हात मोकळा मिळत नाही. सैल दोरीचा झोळ हळुवार काढायचा, टो-प्लेनच्या प्रत्येक उडीमागे धावायचं नाही, आणि टो-प्लेन नजरेआड झालं तर दोरी सोडून द्यायची. त्यावर विचार करत बसायचं नाही. हे सगळं काही मिनिटं चालतं. मग एकाएकी खडखडाट थांबतो. ग्लायडर जागच्या जागी तरंगल्यासारखं होतं, स्टिकवरचा हात सैल पडतो, व्हेरिओचा काटा वर जाऊन तिथेच चिकटून बसतो. अंगाला काहीही जाणवत नाही आणि अल्टिमीटर मात्र फिरत असतो. त्या शांततेसाठीच आपण एवढ्या लांब जातो.

रोटरला कधीही हलक्यात घेऊ नये. एप्रिल १९५५ मध्ये सिएराच्या वेव्हवरच्या संशोधनात लॅरी एडगर यांचं प्रॅट-रीड ग्लायडर रोटरमध्ये हवेतच मोडलं. हे भक्कम बांधणीचं लष्करी प्रशिक्षण ग्लायडर होतं. एडगर बाहेर फेकले गेले आणि पॅराशूटने वाचले. तेव्हा रोटरमध्ये वेग खडबडीत हवेसाठी दिलेल्या मर्यादेच्या आत ठेवा. पॅराशूटची घडी मुदतीतली आहे की नाही हे स्वतः पाहा.

वेव्हमध्ये चढणं त्या मानाने सोपं आहे. वाऱ्याकडे तोंड करून, जमिनीवरच्या खुणेवर नजर ठेवून जागा धरायची. चूक होते ती मागे वाहून जाण्यात. हा हिशेब आधीच पाठ असू द्या. समजा तुम्ही १८,००० फुटांवर आहात आणि वारा ६० नॉट आहे. हवा विरळ असल्याने काट्यावर ७० नॉट दिसत असताना खरा वेग ९३ नॉट असतो, म्हणजे जमिनीच्या हिशेबाने तुम्ही ताशी ३३ नॉटने, साधारण ६१ किलोमीटरने, पुढे सरकता. मागच्या सिंकमध्ये (खाली जाणाऱ्या हवेत) पडलात आणि लिफ्ट (वर जाणारी हवा) पाच किलोमीटर पुढे असेल तर पाच मिनिटं लागतील. एकूण खाली जाण्याचा वेग मिनिटाला १,००० फूट असेल तर ५,००० फूट गेले. तेच अंतर काट्यावर ९० नॉट ठेवून कापलं तर पावणेतीन मिनिटांत होतं. सिंक मिनिटाला १,३०० फूट झाला तरी सुमारे ३,६०० फुटांतच भागतं. म्हणून सिंकमध्ये नाक खाली घालायचं. रेंगाळणं तिथे महाग पडतं.

पण नाक किती खाली घालायचं यालाही मर्यादा आहे, आणि ती उंचीबरोबर बदलते. फ्लटरचा (वेगामुळे पंख-शेपटी थरथरून मोडण्याचा) धोका बऱ्याच अंशी खऱ्या वेगाशी बांधलेला असतो. २४,००० फुटांवर काटा १०० नॉट दाखवतो तेव्हा खरा वेग १४७ च्या आसपास असतो. म्हणून उंचीनुसार घटत जाणाऱ्या कमाल वेगाचा तक्ता ग्लायडरच्या पुस्तिकेत दिलेला असतो. तो कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून डॅशबोर्डवर चिकटवा. वर मेंदू मंदावलेला असतो, तिथे तोंडी हिशेब होत नाही.

ऑक्सिजनबाबत नियम असा: १२,५०० ते १४,००० फुटांच्या दरम्यान अर्ध्या तासाहून जास्त राहिलात तर पायलटने घ्यायलाच हवा, आणि १४,००० च्या वर सतत. मी १०,००० पासूनच सुरू करायला सांगतो. १८,००० पर्यंत नाकातली नळी चालते, त्याहून वर गेलं की मास्क लागतो. २५,००० फुटांवर पुरवठा तुटला तर शुद्धीत राहून काही करता येईल असा वेळ तीन ते पाच मिनिटं असतो. त्यामुळे खरी गरज असते ती वेगळ्या छोट्या राखीव बाटलीची, जिचा झडप-नॉब डोळे मिटून सापडला पाहिजे. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर न्या आणि तो घरी कितीचा आकडा दाखवतो ते टिपून ठेवा. मिंडेनला खोलीत बसल्या जागीही आकडा थोडा कमी येतो.

थंडीत हाल होतात ते पायांचे. कॅनोपीतून ऊन डोक्यावर, छातीवर येतं, पाय मात्र नाकाच्या सावलीत असतात. १८,००० फुटांवर उणे २० आणि २४,००० फुटांवर उणे ३० च्या पुढे तापमान असतं. बूट एक नंबर मोठे घ्या, आत दोन जोड्या मोजे बसतील असे. घट्ट बुटात रक्त फिरत नाही आणि कितीही मोजे घातले तरी उपयोग होत नाही. लघवीची सोय या सगळ्या थरांतून बसल्या जागी नीट जमते का, हे जमिनीवर करून पाहा. ते जमत नसेल तर माणूस पाणी पिणं टाळतो, आणि वाळवंटाच्या कोरड्या हवेत, त्यातून ऑक्सिजनवर, पाणी न पिणं फार भारी पडतं. वजनासाठी पंखांत पाणी भरतात, ते अजिबात भरू नका. एअरब्रेक (ग्लायडर खाली आणण्यासाठी पंखांतून उघडणाऱ्या पट्ट्या) मधूनमधून थोडे उघडून मिटा, नाहीतर गोठून बसतात. एअरब्रेक पूर्ण उघडून उतरण्याचा सराव पहिल्याच दिवशी मोकळ्या हवेत करून घ्या.

उतरण्याची वेळ घड्याळावर ठरवा, आणि ती सूर्यास्ताच्या बरीच आधीची असू द्या. सिएरा पश्चिमेला आहे. सूर्य तिच्यामागे गेला की खालची दरी सावलीत जाते, तेव्हा तुम्ही २०,००० फुटांवर अजून झगझगीत उन्हात असता. त्या उन्हातून खाली यायला अर्धा तास लागतो आणि कॅनोपीच्या आतून बर्फ धरलेलं असू शकतं. बाजूची छोटी खिडकी उघडून तेवढ्यावर उतरावं लागेल, हे मनात धरा. खाली वारा काय करतोय ते रेडिओवर विचारा. रोटर जमिनीला टेकला असेल तर धावपट्टीच्या दोन टोकांचे वाऱ्याची दिशा दाखवणारे कापडी मोजे परस्परविरुद्ध दिशा दाखवतात. मिंडेनची मोठी धावपट्टी ७,००० फुटांहून लांब आहे, तेव्हा ती पूर्ण वापरा. वेग जास्त ठेवा आणि सुरुवातीच्या टोकाला चिकटून उतरण्याचा मोह धरू नका.

मिंडेनला परतता आलं नाही तर कुठे उतरायचं, याची यादी निघण्याआधी तयार हवी. उत्तरेला कार्सन सिटी, पूर्वेला स्मिथ व्हॅली आणि येरिंग्टन, दक्षिणेला ब्रिजपोर्ट, ली व्हायनिंग, मॅमथ, बिशप. नकाशावर जागोजागी कोरड्या सरोवरांचे पांढरे सपाट तळ दिसतील आणि उन्हाळ्यात ते उपयोगी पडतात. वेव्हच्या हंगामात मात्र त्यांच्या वरच्या कोरड्या पापुद्र्याखाली चिखल असतो. सेजब्रशचं मैदान वरून मखमली दिसतं, पण ती झुडपं कमरेएवढी आणि काटक असतात, पंख मोडतात. विमानतळ नाहीच गाठता आला तर अल्फाल्फाची (लसूणघासाची) शेतं शोधा. सीटमागे पाणी, स्लीपिंग बॅग आणि सॅटेलाइटवर संदेश पाठवणारं उपकरण असू द्या. फोनचा भरवसा नाही. ट्रेलर घेऊन येणाऱ्याला मुख्य रस्ता महामार्ग ३९५ आहे. सोनोरा, मॉनिटर आणि टायोगा या खिंडी त्या दिवसांत सहसा बर्फाने बंद असतात, म्हणून पश्चिमेकडे उतरलात तर त्याला मोठा वळसा पडेल.

दक्षिणेला ओवेन्स व्हॅलीत जाण्याची इच्छा होणारच. एका बाजूला ४,४२१ मीटरचा माउंट व्हिटनी, दुसऱ्या बाजूला ४,३४४ मीटरचं व्हाइट माउंटन, आणि मधली दरी बिशपजवळ जेमतेम १,२५० मीटरवर. २००६ च्या वसंतात वेव्ह आणि रोटरवरची मोठी मोहीम शास्त्रज्ञांनी याच दरीत राबवली, यावरून तिथली हवा काय चीज आहे ते समजा. शिवाय तिथे वर आर-२५०८ हे लष्करी क्षेत्र आहे, २०,००० फुटांपासून वर. पहिल्या सहलीत ही दरी गाडीने जाऊन पाहा, लोन पाइनला थांबून लेंटिक्युलर (भिंगाच्या आकाराचे) ढग खालून न्याहाळा. उडायचं असेल तर दोन आसनी ग्लायडरमधून, तिथल्या माहीतगाराबरोबरच.

राहिलं लायसन्स. परदेशी ग्लायडर लायसन्सच्या आधारावर एफएए (अमेरिकेचं हवाई नियामक खातं) तुम्हाला कलम ६१.७५ खाली अमेरिकन प्रमाणपत्र देते. त्यासाठी आधी तुमच्या मूळ लायसन्सची पडताळणी होते. तिचं पत्र यायला कित्येक आठवडे लागतात आणि आलेलं पत्र सहा महिनेच चालतं. नंतर प्रत्यक्ष हजर राहून प्रमाणपत्र घ्यायचं, मग तिथल्या शिक्षकाबरोबर फ्लाइट रिव्ह्यू. मार्चअखेर जायचं ठरत असेल तर पडताळणीचा अर्ज नोव्हेंबरमध्ये टाका. ऑक्टोबरच्या आधी टाकू नका, नाहीतर तुम्ही पोचायच्या आतच पत्राची मुदत संपू शकते. ग्लायडर आणि शिक्षक यांचं बुकिंगही त्याच सुमारास करा. बुकिंग करताना पहिले तीन दिवस शिक्षकासह दोन आसनी ग्लायडरमध्ये हवेत, असं लेखी कळवा.